ठाणे-नवी मुंबईत ग्रामविकास व शिक्षणासाठी न्यास नोंदवताना अर्ज कुठे अडतो

उद्दिष्टांवरून अर्ज क्वचितच परत येतो. अडतो तो पत्त्यावर आणि तारखेवर.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ प्रमाणे न्यासाचे कार्यालय किंवा मालमत्तेचा बराचसा भाग जिथे आहे, तिथल्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. काम शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर असो की मोखाड्याला, कार्यालय वाशी-नेरूळला असेल तर ठाण्यात अर्ज चालतो. पण खारघर, कामोठे, पनवेल हे रायगड जिल्ह्यात येतात. 'नवी मुंबईच आहे की' म्हणून ठाण्यात दाखल केलेला अर्ज तिथे टिकत नाही.

न्यासपत्र, विश्वस्तांची संमतीपत्रे, ओळखपत्रे, शपथपत्र, कोर्ट फी स्टॅम्प हे सगळे सहज जमते. जमत नाही ते कार्यालयाच्या जागेचे ना हरकत पत्र. वीजबिल किंवा घरपट्टी ज्याच्या नावावर, पत्रावर सही त्याचीच लागते. गावठाणातल्या घराची पट्टी आजोबांच्या नावावर, ते हयात नाहीत आणि सही करतो नातू, असा कागद चालत नाही. मग मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची संमती असे लचांड मागे लागते. त्यापेक्षा ज्याच्या स्वतःच्या नावावर घर आहे अशा विश्वस्ताचा पत्ता न्यासपत्र लिहितानाच घ्या. बिलावर 'सी-४' असेल तर न्यासपत्रात '४/सी' लिहू नका. एवढ्याशा फरकावरही त्रुटी निघते, आणि अर्जदार नाहक हेलपाटे घालतो.

मुदत तीन महिन्यांची, तीही न्यास स्थापन झाल्यापासून. पॅन आणि बँक खात्याच्या मागे आधी धावू नका, ते प्रमाणपत्रानंतरचे काम आहे. उशीर झालाच तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा.

उद्दिष्टांत नुसते 'ग्रामविकास' न लिहिता अभ्यासिका, शिष्यवृत्ती, पाणी, आरोग्य असे कामनिहाय लिहा. लाभ 'आमच्या भावकीला' किंवा 'सभासदांना' असा शब्द आला की न्यास सार्वजनिक कसा, हा प्रश्न येणारच. विश्वस्त म्हणून नवरा, बायको, मेहुणा एवढेच असतील तरी तीच शंका येते. बाहेरची दोन-तीन माणसे घ्याच.

नोंदणीनंतर विश्वस्त बदलला, वारला किंवा पत्ता बदलला, तर कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. ठराव झाला म्हणजे बदल झाला, असे समजून अनेक संस्था वर्षानुवर्षे गप्प राहतात. मग परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, दिवंगतांचीच नावे राहतात आणि बँक नव्या विश्वस्तांच्या सह्या घेत नाही. जुना बदल अर्ज प्रलंबित असेल तर आधी तो निकाली काढून घ्या.