लोखंडी साइट : शिकारी बोल्ट-ॲक्शन रायफलवरील बसवणी

लोखंडी साइट म्हणजे दुर्बिणीशिवाय नेम धरण्यासाठी रायफलवर बसवलेली जोडी : नळीच्या तोंडाशी माशी आणि मागे खाच किंवा बारीक भोक असलेली पट्टी. लष्करी रायफलींवर ती कारखान्यातूनच येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारी रायफलींचेही तसेच होते. १९३६ साली बाजारात आलेले विंचेस्टरचे मॉडेल ७० साइटसकट विकले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर दुर्बीण स्वस्त आणि भरवशाची झाली, तशी कारखान्यांनी साइट गाळायला सुरुवात केली. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायच्या) रायफलींची नळी वरून साफ गुळगुळीत असते. त्यामुळे ज्याला साइट हवी, त्याला ती मागाहून बसवून घ्यावी लागते. अमेरिकेत हे काम घरच्या कामाच्या मेजावर करण्याची जुनी परंपरा आहे.

साइट हवी असण्याची कारणे साधी आहेत. पाऊस, धुके किंवा बर्फात दुर्बिणीची काच झाकोळते. घोड्यावरून पडल्यावर ती सरकते किंवा फुटते. दाट झाडीत दहा-पंधरा मीटरवर अस्वल समोर आले तर दुर्बिणीत नुसते केस दिसतात. अलास्कातले वाटाडे आणि आफ्रिकेतले व्यावसायिक शिकारी म्हणूनच अजून साइट सोडत नाहीत. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली भेट मिळालेली .२७५ रिग्बी (लंडनच्या रिग्बी कंपनीची) हीदेखील जर्मन माउझर पद्धतीची, उघड्या साइटची बोल्ट-ॲक्शन रायफल होती.

मागच्या साइटचे ढोबळ दोन प्रकार. पहिली उघडी, म्हणजे खाचेची. ती नळीवर बसते. ब्रिटिश कारागिरांची उथळ, रुंद व्ही आकाराची ‘एक्स्प्रेस’ साइट याच जातीची. तिच्यात एक पाते कायम उभे असते आणि लांबच्या पल्ल्यांची पाती घडी घालून ठेवलेली असतात. दुसरी भोकाची, म्हणजे पीप साइट. ती रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट सरकतो त्या मागच्या सांगाड्यावर, डोळ्याच्या जवळ बसते. कनेक्टिकटच्या विल्यम लायमन यांनी १८७९ साली पेटंट घेतलेल्या साइटने शिकारी रायफलींवर हा प्रकार रूढ केला. मिशिगनच्या डेव्हिसन गावातील विल्यम्स कंपनीच्या पीप साइटही बऱ्याच घरगुती कामांत दिसतात. चाळिशी उलटलेल्या माणसाने पीपच घ्यावी. उघड्या साइटमध्ये खाच, माशी आणि सावज या तिन्हींवर डोळा एकाच वेळी ठरत नाही, आणि वय वाढेल तशी आधी खाच पुसट होत जाते. पीपमध्ये भोकाकडे पाहायचेच नसते. त्यातून माशी पाहायची, डोळा आपोआप मध्य शोधतो. शिवाय बारीक भोकामुळे माशी आणि सावज दोन्ही थोडी जास्त रेखीव दिसतात.

पीपचा दुसरा फायदा अंतराचा. माशी आणि मागची साइट यांतील अंतर जितके जास्त, तितकी नेमातली चूक कमी. २२ इंची नळीवर उघडी साइट बसवली तर हे अंतर साधारण ४५ सेंमी भरते, रिसीव्हरवर पीप बसवली तर ७० सेंमीच्या आसपास.

खरी मेख माशीच्या उंचीत आहे. मागची साइट गोळी जिकडे न्यायची त्याच बाजूला सरकवतात, माशी मात्र उलट बाजूला. गोळी खाली लागत असेल तर माशी उतरवावी लागते, वर लागत असेल तर चढवावी लागते. किती, याचा हिशोब त्रैराशिकाचा : चूक गुणिले दोन साइटमधील अंतर, भागिले निशाणापर्यंतचे अंतर. १०० मीटरवर गोळी १० सेंमी खाली लागते आणि साइटमधील अंतर ७० सेंमी आहे, तर माशी ०.७ मिमी उतरवायची. एवढे कानशीने घासून होते, आणि म्हणूनच आधी जरा उंच माशी बसवून मग घासत आणणे ही जाणत्यांची रीत. बुटकी माशी घेतली तर धातू वाढवता येत नाही, दुसरी आणावी लागते. माशीच्या टोकावरच्या मण्याची जाडीही बघून घ्यावी. १/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे १.६ मिमीचा मणी डोळ्यापासून ९० सेंमीवर असेल तर १०० मीटरवर जवळपास १८ सेंमी झाकतो. हरणाला तो पुरतो. छोट्या सावजाला फार मोठा.

बसवण्याच्या पद्धती तीन. रिसीव्हरला कारखान्यातच भोके पाडून आटे दिलेले असतील, तर पीप साइट नुसत्या स्क्रूंनी बसते. घरी निर्धास्तपणे करण्याजोगे काम खरे तर एवढेच. अमेरिकन रायफलींवर हे आटे सहसा ‘सहा-अठ्ठेचाळीस’चे असतात : व्यास ०.१३८ इंच, इंचाला ४८ आटे. भोकातले तेल ॲसिटोनने साफ पुसून, आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एकच थेंब देऊन स्क्रू आवळतात. तेल राहिले तर स्क्रू ढिला होतो.

नळीवर माशी बसवणे अवघड. नळीच्या तोंडाभोवती बसणारे कडे वापरले तर भोक पाडावे लागत नाही. कडे नळीच्या नेमक्या व्यासाचे मिळवावे लागते, इतकेच. भोक पाडायचे तर तोंडाशी शिकारी नळीची भिंत अनेकदा जेमतेम ३ मिमी असते. भोक आंधळेच, म्हणजे आरपार न जाणारे, राहिले पाहिजे, आणि आटे तळापर्यंत पाडायला बॉटमिंग टॅप (सपाट टोकाचे आटे पाडायचे हत्यार) लागतो. साधा हातड्रिल येथे नको. मिलिंग मशिनवर किंवा ड्रिल सरळ धरणाऱ्या, घट्ट बांधलेल्या जिगमध्येच हे होते. ड्रिल नळीच्या पोकळीत उतरले तर नळी भंगारात जाते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, आसपास तर घरी भोक पाडूच नये; गोळी सुटताना सर्वांत जास्त दाब तेथेच असतो.

तिसरी पद्धत डाख देऊन माशीचा उतार, म्हणजे रॅम्प, चिकटवण्याची. कथील-शिशाचा मऊ डाख सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे पोलादाला धक्का लागत नाही. चांदीच्या डाखाला ६०० अंशांच्या वर न्यावे लागते. त्या तापमानाला पोलादाचे पाणी उतरू शकते आणि नळीच्या आत पापुद्रे धरतात. मऊ डाख दिलेल्या नळीला पुढे कधी गरम क्षारांचे ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर) करायचे झाले, तर ते क्षार डाख खातात. असे काम आधीच ठरवून करावे लागते.

माशी नळीच्या अगदी माथ्यावर आली का, हे पाहणे वाटते तितके सोपे नाही, कारण नळी गोल आणि तोंडाकडे निमुळती असते. रायफल व्हाइसमध्ये धरून रिसीव्हरच्या सपाट भागावर लेव्हल ठेवतात आणि दूर भिंतीवर ओळंबा सोडतात. माशी आणि मागची खाच त्याच दोरीवर आली पाहिजे. डव्हटेल (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद) खाचेतली माशी असेल तर ती पितळी पंच लावून हलक्या हातोडीने सरकवतात. रूढ संकेत असा की, खाचेतला तुकडा उजवीकडून आत घालतात आणि डावीकडून ठोकून उजवीकडेच काढतात. पोलादी पंचाने ठोकलेली माशी लगेच ओळखू येते. कडेला चंद्रकोरी खुणा असतात.

बोल्ट-ॲक्शनची एक सोय येथे कामी येते. चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढला की मागून थेट नळीतून पाहता येते. रायफल टेकवून नळीच्या गोलात वीस-पंचवीस मीटरवरचे ठिकाण मधोमध आणायचे, मग डोके न हलवता साइटमधून तेच ठिकाण दिसते का ते पाहायचे. यावरून गोळी कागदावर लागेल इतपत जुळणी होते. पुढचे काम मैदानावर, एकाच गठ्ठ्यातली काडतुसे वापरून करायचे. गोळीचे वजन बदलले की ती वर-खाली लागते.

एवढे करूनही नेम धरताना अडचण आली तर बहुधा दोष दस्त्याचा असतो. दुर्बिणीसाठी घडवलेल्या दस्त्याचा गाल टेकण्याचा भाग उंच असतो. बुटक्या साइटमधून पाहायला गाल दाबून चेहरा खाली न्यावा लागतो, आणि धक्का बसताना गालफडाला मार लागतो. उलट लष्करी ठेवणीच्या बुटक्या दस्त्यावर साइट सहज डोळ्यासमोर येते. विकतच्या साइटच्या खोक्यावर हे लिहिलेले नसते.

कायद्याने हे काम प्रत्येक देशात वेगळे पडते. अमेरिकेत स्वतःच्या रायफलवर स्वतः साइट बसवायला सहसा परवाना लागत नाही. ब्रिटनमध्ये नळी कमकुवत करणारे काम झाले तर ती पुन्हा लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये (नळीची ताकद तपासणाऱ्या संस्थेत) तपासून घ्यावी लागते. त्यासाठीचा कायदा १८६८ पासूनचा आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला, १९९१च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच झाली, आणि १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही, म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३१५ स्पोर्टिंग रायफलच्या मालकालाही परवानाधारक कारागिराकडेच जावे लागते. कोकण आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या बंदुका बहुतेक आतून गुळगुळीत नळीच्या असतात. त्यांना मागची साइट नसतेच, पुढे एक माशी असते.