साईट उघडत नाही, लाल त्रिकोण येतो? आधी तारीख बघा

नमस्कार मंडळी,

सकाळी एमजी रोडवरचं आमचं कॉम्प्युटरचं दुकान उघडलं की पहिले दोन-तीन फोन ठरलेले, "बँकेची साईट उघडत नाही, युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट असं काहीतरी येतंय." म्हणून हे लिहून देतोय, कॉम्प्युटरशेजारी चिकटवून ठेवा.

स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात तारीख असते ती बघा, आणि नुसता दिवस-महिना नाही, वर्ष पण. साईटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती साईट खरी आहे हे ब्राउझरला दाखवणाऱ्या ओळखपत्राला, मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि ब्राउझर ती तुमच्या पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळात २०१९ असेल तर त्याच्या हिशेबी ते सर्टिफिकेट अजून निघालेलंच नाही, मग तो अडवणारच.

पंचवटीत मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर हेच झालं. क्रोम काढून परत टाकलं, अँटिव्हायरस काढला, शेवटी घरातल्याच एका मुलाने अख्खा पीसी फॉरमॅट केला, चार वर्षांची बिलं गेली. आम्ही जाऊन बघतो तर एरर तशीच आणि वर्ष २०१९! पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटणासारखा चपटा सेल, सीआर २०३२, उतरला होता, रात्री मेन स्विच बंद केला की तारीख मागे जायची. फॉरमॅटने सेल कसा चार्ज होणार? कृपा करून आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका. मागच्या तारखेचं बिल काढायला तारीख मागे घेतली असेल तर तीही आठवणीने पुढे करा.

तारीख चुकलेली दिसली तर विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये आधी हाताने आजची टाका, मग सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करून सिंक नाऊ दाबा. जास्त फरक असला तर नुसतं सिंक बऱ्याचदा होत नाही. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली हाच हवा. दुसऱ्या दिवशी परत मागे गेली तर सेल बदलायचा.

तारीख बरोबर आहे आणि मोबाईलच्या नेटवरून मोबाईलवर पण तीच एक साईट अडते, तर दोष त्या साईटचा, तुम्ही थांबायचं. अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जा असं आम्ही फोनवर सांगत नाही म्हणून काही जण रागावतात, पण पुढे पासवर्ड टाकायचा असतो आणि गेलेले पैसे आम्ही आणून देऊ शकत नाही.

तुमची स्वतःचीच साईट अडत असेल तर बहुतेक सर्टिफिकेट संपलंय. १५ मार्च २०२६ पासून नवीन सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचंच मिळतं, वर्षातून एकदा बघू हे आता चालणार नाही. ज्यांची होस्टिंग आमच्याकडे आहे त्यांचं रिन्यूअल आम्हीच वेळेत करतो, वेगळे पैसे नाहीत.

फोन करण्याआधी अख्ख्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, कोपऱ्यातली तारीख दिसली पाहिजे, त्यावरूनच निम्मं काम होतं. सेल बदलायला नुसता सीपीयू आणा, मॉनिटर नको, आणि पीसी बंद करून परत चालू केल्यावर तारीख टिकते की नाही ते तुमच्यासमोर बघूनच देतो, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवून या.