हर-टू चाचणीतले ० आणि १+

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर या हार्मोन-ग्राहकांच्या खाली हर-टू (HER2) या पेशीला वाढायला लावणाऱ्या प्रथिनाची ओळ असते आणि तिच्यापुढे ०, १+, २+ किंवा ३+ यांपैकी एक आकडा. हर-टूला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) पेशीच्या कडेवर उमटवलेला तपकिरी रंग किती गडद, किती पेशींत आणि कडा पूर्ण रंगली आहे का, हे मायक्रोस्कोपखाली पाहून पॅथॉलॉजिस्ट तो ठरवतात.

प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीत जंतू शोधण्याचे काम अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले. १९६० च्या दशकात विकर (एन्झाइम) जोडलेली प्रतिपिंडे आली आणि साधा मायक्रोस्कोप पुरू लागला. १९७५ मध्ये एकसारखी प्रतिपिंडे बनवण्याचे मोनोक्लोनल तंत्र मिळाले. १९९१ मध्ये दिसले, की फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात मुरलेल्या ऊतीचे काप मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर झाकली गेलेली प्रथिने प्रतिपिंडांना पुन्हा सापडतात. त्यामुळे कपाटांत पडून असलेले मेणाचे जुने ब्लॉकही तपासता येऊ लागले.

हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी लवकर उलटतात, हे १९८७ मध्ये कळले. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूला रोखणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि रंगाच्या छटेवर औषध ठरू लागले. ३+ साठी १० टक्क्यांहून जास्त पेशी रंगलेल्या हव्यात, असा मूळ निकष होता. २००७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तो ३० टक्क्यांवर नेला, २०१३ मध्ये पुन्हा १० वर आणला. २+ आले की हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट करायची. आपल्याकडे तिचा खर्च वेगळा पडतो आणि अनेकींची तपासणी तिथेच थांबते.

खरा पेच २०२२ नंतरचा. त्या वर्षी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे ट्रास्टुझुमॅबला केमोचे औषध जोडून बनवलेले औषध १+ आणि फिश-निगेटिव्ह २+ गाठींतही, आजार पसरलेला असताना, उपयोगी ठरले. तोवर ० काय नि १+ काय, दोन्ही निगेटिव्हच. त्यांत फरक करायला कुणी डोळे ताणत नव्हते. चाचणी बेतलेली होती ती ३+ ओळखण्यासाठी. एकाच स्लाइडवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचे एकमत होणे ० आणि १+ च्या या टोकालाच सर्वांत अवघड जाते. त्यात नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, किंवा त्यात सहा तासांपेक्षा कमी राहिला, तर आधीच फिकट असलेला रंग उमटतच नाही.

तरीही २०२३ च्या अमेरिकी सूचनांनी ‘हर-टू लो’ (१+ आणि फिश-निगेटिव्ह २+) हा वेगळा गट मानला नाही. रिपोर्टखाली टीप लिहा, एवढेच सांगितले. कारण भक्कम होते: ज्या अभ्यासावर मंजुरी मिळाली, त्यात ० असलेल्या रुग्ण घेतल्याच नव्हत्या, म्हणजे तुलना झालीच नव्हती. शास्त्र म्हणून हे मला पटते. पण औषध मिळणार की नाही हे ठरवणारी रेषा टीपेत ठेवणे रुग्णाच्या दृष्टीने अपुरे होते. जिल्ह्याच्या लॅबमधून ‘निगेटिव्ह’ एवढाच शब्द घेऊन आलेल्या बाईचा ब्लॉक पुन्हा मागवून तपासावा, हे एवढ्या टीपेवरून कुणाला सुचणार?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हार्मोन-पॉझिटिव्ह गाठींसाठी याच औषधाची मंजुरी आणखी खाली नेली. जेमतेम काही पेशींत पुसट कडा दिसते, अशा ० मधल्या गाठीही आता ‘अल्ट्रालो’ म्हणून तिच्यात येतात.