सॉमरसेटचा कारभार : 1547 चा निर्णय आणि त्याचे परिणाम

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मृत्युपत्रात लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने राज्य पाहणारा कारभारी, हे पदच नव्हते. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा एडवर्ड अठरा पूर्ण करीपर्यंत 16 एक्झिक्युटरांनी, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांनी, बहुमताने कारभार पाहावा, सगळ्यांचा अधिकार सारखा, अशी त्यात तजवीज होती. 28 जानेवारी 1547 ला राजा वारला, पण ही बातमी 31 तारखेपर्यंत दाबून ठेवली गेली. ती जाहीर झाली त्याच दिवशी एक्झिक्युटरांनी नव्या राजाच्या मामाला, म्हणजे हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सिमूर (पुढचा सॉमरसेट) याला, प्रोटेक्टर केले. बहीण जेन राणी झाल्यापासूनची त्याची चढती कमान सरळ आहे. गुंता इथून सुरू होतो.

वाद मुळात कागदाचाच. त्या मृत्युपत्रावर राजाची हाताची सही नाही. कागदावर त्याच्या सहीचा कोरडा ठसा दाबायचा आणि उमटलेल्या रेघांवर शाई फिरवायची, अशी तेव्हाची सोय होती. ठसा मारलेल्या कागदांची दरमहा यादी ठेवत. मृत्युपत्रावर तारीख 30 डिसेंबर 1546 ची आहे, पण त्याची नोंद सापडते ती जानेवारीच्या यादीत, अगदी शेवटाकडे. त्यामुळे मजकुरात नंतर काही घुसडले का, हा प्रश्न आजही निघतो. कारभारासाठी आवश्यक ते करण्याची मोघम मुभा एक्झिक्युटरांना त्यातच दिलेली होती आणि प्रोटेक्टर नेमण्याचे समर्थन करणारे तिच्यावरच बोट ठेवतात. ते पटण्यासारखे आहे. न पटण्यासारखे घडले ते पुढच्या सहा आठवड्यांत.

31 जानेवारीच्या नेमणुकीला एक स्पष्ट अट होती: बाकीच्यांच्या सल्ल्याने आणि संमतीनेच काम करायचे. विरोधाची शक्यता होती ती लॉर्ड चॅन्सलरकडून, म्हणजे राजमुद्रा सांभाळणाऱ्या मुख्य न्यायाधिकाऱ्याकडून. परवानगीशिवाय आपले न्यायालयीन काम दुसऱ्यांकडे सोपवल्याच्या आरोपावरून मार्चच्या सुरुवातीला त्याच्याकडून राजमुद्रा काढून घेतली गेली. 12 मार्चच्या सनदेने ती अटही गेली. आता राजाच्या सल्लागार परिषदेत कोणाला घ्यायचे आणि कोणाचा सल्ला कधी मागायचा, हे सिमूरच ठरवणार होता. दरम्यान तो सॉमरसेटचा ड्यूकही झाला होता. गप्प बसलेल्यांनाही पदव्या आणि जमिनी मिळाल्या. दिवंगत राजाने कबूल केलेल्या पण द्यायच्या राहून गेलेल्या देणग्या, असे त्यांना म्हटले गेले.

पैसा गेला स्कॉटलंडात. सप्टेंबर 1547 मध्ये पिंकीची लढाई जिंकून सॉमरसेटने जागोजागी शिबंदी बसवली. स्कॉटलंडची लहानगी राणी मेरी हिचे एडवर्डशी लग्न लावून देण्यास स्कॉटांना भाग पाडायचे, हा हेतू. ऑगस्ट 1548 मध्ये ती फ्रान्सला रवाना झाली आणि हेतूच संपला, तरी ठाणी तशीच राहिली. त्यांचा खर्च भागवायला नाण्यातली चांदी कमी केली जात होती आणि महागाई वाढत होती. सामाईक कुरणांना कुंपणे घालण्याच्या चौकशीसाठी आयोग नेमून त्याने गरिबांच्या आशा वाढवल्या आणि जमीनदारांना दुखावले. ‘गुड ड्यूक’ ही ख्याती इथलीच, आणि ती जरा स्वस्तात मिळालेली आहे. मार्च 1549 मध्ये सख्खा भाऊ थॉमस याचा शिरच्छेद झाला, तोही रीतसर खटला न चालवता, संसदेच्या कायद्याने.

जून 1549 मध्ये नवे प्रार्थनापुस्तक लागू होताच डेव्हन आणि कॉर्नवॉल पेटले. जुलैत कुंपणांविरुद्ध उठलेले रॉबर्ट केटचे हजारो लोक नॉर्विचबाहेर तळ ठोकून बसले. सॉमरसेटने आधी माफीची घोषणापत्रे काढली, फौज उशिरा पाठवली. केटला मोडले वॉरिकचा अर्ल जॉन डडली याने, आणि फौज त्याच्या हाताखाली राहिली. ऑक्टोबरात परिषदेचे बहुतेक सदस्य लंडनमध्ये वेगळे बसू लागले. सॉमरसेट राजाला घेऊन हॅम्प्टन कोर्टहून रातोरात विंडसरला गेला, पण आठवडाभरात लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे कैदेत, पोचला. सनद देणारे हात आणि ती काढून घेणारे हात बरेचसे तेच होते.

फेब्रुवारी 1550 मध्ये तो सुटला, परिषदेतही परतला. ऑक्टोबर 1551 मध्ये पुन्हा अटक झाली. 1 डिसेंबरच्या खटल्यात राजद्रोहातून तो निर्दोष सुटला, म्हणून राजद्रोहाच्या शिक्षेची खूण असलेली टॉवरची कुऱ्हाड बाहेर नेली गेली. ती पाहून सगळेच मिटले असे समजून लोकांनी जल्लोष केला. प्रत्यक्षात बेकायदा माणसे जमवल्याच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला होता आणि त्यालाही शिक्षा मृत्यूचीच होती. 22 जानेवारी 1552 ला सकाळी टॉवर हिलवर शिरच्छेद झाला.

डडलीने प्रोटेक्टर ही पदवी कधीच घेतली नाही. परिषदेचा अध्यक्ष म्हणूनच त्याने सूत्रे हलवली. सॉमरसेटची ड्यूकपदवी घराण्याला परत मिळाली ती 1660 मध्ये, त्याच्या पणतूच्या हयातीत.