पाद्री आणि काझी: गोवा व विजापूर इथल्या दोन धर्मसत्तांखालची रयत

गोव्यातला पोर्तुगीज अंमल आणि विजापूरची आदिलशाही या दोन्ही राजवटी धर्माच्या नावाने चालत. दोन्हींच्या काळात देवळे पडली, माणसे बाटली. म्हणून आपण दोघांनाही एकाच मापाने मोजतो. पण मधे एक नदी होती आणि तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या गावात हिंदू कुळाचे जगणे फार वेगळे होते. फरक कोणाचा धर्म मवाळ होता यातून आलेला नाही. राज्याला रयतेकडून काय हवे होते, यात तो आहे. विजापूरला सारा आणि चाकरी हवी होती. गोव्याला या दोन्हींखेरीज माणसाचे मनही हवे होते.

अफोन्सु द अल्बुकेर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा कायमचा जिंकला. शहरातल्या मुसलमानांची सरसकट कत्तल झाली, पण हिंदू गावकऱ्यांना सुरुवातीला हात लागला नाही. 1526 साली पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सु मेशियाने गावकरीचे, म्हणजे गावाची जमीन सामाईक चालवणाऱ्या मूळ कुळांच्या संस्थेचे, रिवाज लिहून काढले ते मोडण्यासाठी नव्हे, सारा नीट वसूल व्हावा म्हणून. तोवर हे राज्य विजापूरसारखेच वागत होते. पालट झाला 1540 मध्ये. त्या साली तिसवाडीतली, म्हणजे गोवा शहराभोवतालच्या बेटांवरची, देवळे पाडली गेली आणि लगेच देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. गोव्याच्या दक्षिणेकडच्या साष्टीतली देवळे मुख्यतः 1567 मध्ये पडली.

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. देवळे इन्क्विझिशनने, म्हणजे श्रद्धेतली चूक शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, पाडली असे सर्रास लिहिले जाते. इन्क्विझिशन गोव्यात बसली 1560 मध्ये, म्हणजे तिसवाडीतली देवळे पडल्यावर वीस वर्षांनी. देवळे पाडणे, पुरोहितांना हद्दपार करणे, बाप वारलेल्या हिंदू मुलाला आई जिवंत असतानाही ख्रिस्ती संस्थेच्या ताब्यात देणे, हे सगळे राजाच्या आणि विजरईच्या, म्हणजे त्याच्या गोव्यातल्या प्रतिनिधीच्या, हुकमांनी झाले. मुलांविषयीचा कायदा 1559 चा. इन्क्विझिशनचा खरा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. न बाटलेला हिंदू तिच्या कचाट्यात येई तो उघड विधी केले, कोणाला बाटण्यापासून अडवले किंवा बाटलेल्याला जुन्या वाटेवर नेले, या आरोपांखाली. त्यामुळे बाटल्यावर सुटका झाली असे समजणारा माणूस खऱ्या धोक्यात त्याच दिवशी शिरत असे.

इन्क्विझिशनची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय ही भीती कळत नाही. तक्रार कोणीही करू शके, शेजारी, नोकर, सख्खा भाऊ. तक्रार करणाऱ्याचे नाव आरोपीला सांगत नसत, आणि पहिल्या चौकशीत आरोप काय तेही नाही. आपला गुन्हा आठवून कबूल कर, एवढेच त्याला वारंवार बजावत. मालमत्तेची यादी अटकेबरोबर होई, म्हणजे निकालाआधी घर उघड्यावर. कबुली पुरी मानली जाण्यासाठी ती तक्रारींशी जुळावी लागे. मग कैदी आपल्याविरुद्ध कोण बोलले असेल याचा अंदाज बांधत नाव मागून नाव घेई, आणि त्यातून नव्या अटका होत. शेवटपर्यंत नाकारणारा आडमुठा ठरून जाळण्यासाठी दिवाणी अधिकाऱ्याच्या स्वाधीन होई, कारण चर्चने स्वतः रक्त सांडायचे नाही असा नियम होता. 1774 पर्यंत सुमारे 16 हजार खटले चालले. त्या मानाने जाळलेल्यांची संख्या थोडी आहे, पण धाक खटल्यांचा होता. मेलेलेही सुटत नसत. वैद्य गार्सिया द ओर्टा 1568 मध्ये वारला, आणि छुपा यहुदी ठरवून 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. गोव्याच्या लोकांनी या कचेरीला वोडलें घर, म्हणजे मोठे घर, असे नाव दिले होते. ती वास्तू मुळात आदिलशाहाचा वाडा होती.

1736 चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचला की हात किती आत पोहोचला होता ते दिसते. ख्रिस्ती घरात तुळस नको, लग्नात कोकणी ओव्या नकोत, फुले-विडे वाटायचे नाहीत, आणि हिंदूंच्या रीतीने मीठ न घालता भात शिजवायचा नाही. राज्य चुलीवरच्या भांड्यापर्यंत आले होते.

आता नदीपलीकडे. आदिलशाही मुसलमानी राज्य होते यात शंका नाही. शिया की सुन्नी यावरही वारंवार पालट होई. युसूफने शिया पंथ जाहीर केला, पहिल्या इब्राहिमने सुन्नी आणला, पहिल्या अलीने पुन्हा शिया. त्यातल्या पहिल्या इब्राहिमनेच महसुली हिशेबात फारसीऐवजी मराठी आणली आणि ब्राह्मण कारकुनांची भरती केली. मोरे, घोरपडे, निंबाळकर, डफळे, माने, भोसले ही घराणी याच दरबारची चाकरी करत.

वतनाचा तंटा निघाला की गावात किंवा कसब्यात मजलिस भरे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुते हजर. दोन्ही वादी आपली तक्रार आणि करीना, म्हणजे सविस्तर हकिकत, लिहून देत, साक्षी होत, कागद पाहिले जात. तेवढ्याने भागले नाही तर दिव्य. निवाड्याचा महजर, म्हणजे सभेचा लेखी निकाल, मोडीत लिहून त्यावर काझीची मोहोर आणि खाली ज्याची त्याची निशाणी: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. काझी बसलेला असे, पण निवाडा शरियतने नव्हे, गोताच्या, म्हणजे जमलेल्या गावसभेच्या, रिवाजाने होई. प्रायश्चित्ताचा प्रश्न असला तर तो पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जाई. इन्क्विझिशनशी तुलना करायची तर एवढेच पुरे की इथे साक्षीदार तोंडावर बोलत आणि त्यांची नावे कागदावर राहत.

म्हणजे ही राजवट समतेची होती का? मुळीच नाही. मुसलमानी शास्त्रात बिगरमुसलमान प्रजा म्हणजे संरक्षित पण खालच्या पायरीची. पालखी-नौबतीचे मोठे मान प्रामुख्याने मुसलमान अमिरांचे. कर्नाटकच्या मोहिमांत देवळे फुटली. आणि जे मिळत होते ते हक्काचे नव्हते. इनामाच्या कागदात 'दर हर साल ताजा खुर्दखताचा उजूर न करणे' असे वाक्य असते, म्हणजे दर वर्षी नवा हुकूम मागू नका. ते लिहावे लागे, कारण अंमलदार तो मागतच. सुलतान बदलला की इनाम नव्याने करून घेण्याची धावपळ सुरू.

धर्मांतर केलेल्याने मागे फिरणे दोन्हीकडे गुन्हा होता. फरक असा की विजापूरने त्यासाठी गावोगाव शोध घेणारी कचेरी उभारली नाही.

या फरकाचा पुरावा कागदांपेक्षा नकाशावर ठळक आहे. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला. ही तिन्ही ठिकाणे फोंड्याभोवतालच्या अंत्रुज महालात, म्हणजे आदिलशाही मुलखात. फोंड्याची साफा मशीदही 1560 चीच. त्याच मुलखाने पुढे एका ख्रिस्ती धर्मगुरूलाही जागा दिली. दिवाडीच्या ब्राह्मण कुळातला मातेउश द काश्त्रु 1637 मध्ये रोममध्ये बिशप झाला. गोव्याच्या गोऱ्या धर्माधिकाऱ्यांनी त्याला मानले नाही. तो डिचोलीत राहिला, आदिलशाहाच्या हद्दीत.

मात्र यावरून मुसलमानी राज्य म्हणजे असे आणि ख्रिस्ती म्हणजे तसे, असा नियम काढणे चूक आहे. दिवाडीचे सप्तकोटीश्वराचे देऊळ 14व्या शतकात बहामनी फौजेने पाडले होते. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला नवे बांधले. औरंगजेबाने 1679 मध्ये जिझिया बसवला आणि 1686 मध्ये विजापूर घेतले. ख्रिस्ती बाजूलाही एकच रंग नाही. कोचीच्या यहुद्यांचे सिनेगॉग पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले, 1663 मध्ये तिथे आलेल्या डचांनी त्यांना निर्धास्त राहू दिले.

खुद्द पोर्तुगीजांनाही जुना हट्ट परवडेना. रयत पळाली की शेते पडीक राहत, सारा बुडे. कर-मक्ते घेणारे आणि मोठे व्यापारी हिंदूच होते. म्हणून तेच मनाई-हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागत. 1684 मध्ये तीन वर्षांत कोकणी बोलणे बंद करा असे फर्मान निघाले, तेही निष्फळ ठरले. 1763 मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे आला तेव्हा तिथल्या रयतेला धर्म आणि रिवाज राखण्याची हमी देण्यात आली. ती पाळलीही गेली, आणि साष्टी-तिसवाडीतून आलेले देव अंत्रुजातच राहिले. वोडलें घर 1774 मध्ये बंद झाले, चारपाच वर्षांत पुन्हा उघडले आणि 1812 मध्ये कायमचे मिटले.