सर्वपक्षीय शोकसभा (सोलापूर)

दिवंगत राजकीय सहकाऱ्याला त्याच्या विरोधकांसह सर्व पक्षांनी एका व्यासपीठावरून श्रद्धांजली वाहण्याची सभा. सोलापुरात तिची दोन रूपे दिसतात: महापालिकेच्या सर्वसाधारण सभेतील दुखवट्याचा ठराव आणि हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहातील जाहीर सभा. गिरणी, विडी आणि यंत्रमागाच्या प्रश्नांवर एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले कार्यकर्ते इथे एकाच शहरात वावरले. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या पुतळ्यांना हुतात्मादिनी हार घालायला सगळेच पक्ष येतात.

दुखवट्याचा ठराव विषयपत्रिकेवरील कामकाजाआधी घेतात. सूचक एका पक्षाचा आणि अनुमोदक विरोधी पक्षाचा असावा. ठरावावर वाद किंवा मतदान होत नाही. सदस्य उभे राहून तो संमत करतात आणि प्रत कुटुंबाकडे जाते. विद्यमान सदस्य गेला तर सभा तहकूब करणे रास्तच. दूरच्या प्रत्येक नेत्यासाठी तहकुबी झाली मात्र, तर पाणी आणि ड्रेनेजचे विषय मागे पडतात.

जाहीर सभेची तारीख कुटुंबाला विचारूनच धरावी; सावडणे किंवा दशक्रियेचा दिवस टाळावा. फलकावर नाव, प्रतिमा आणि ‘सर्वपक्षीय’ एवढेच; निमंत्रकांचे फोटो आले की निम्मे लोक फिरकत नाहीत. समई, हार यांबाबतही घरच्यांचे मत घ्यावे. मुस्लिम किंवा कम्युनिस्ट सहकाऱ्याच्या सभेत पुष्कळदा नुसती फुले पुरतात. वक्ते दहा, प्रत्येकी चार मिनिटे; एखादे भाषण तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत असले तर त्या भाषेच्या श्रोत्यांना सभा आपली वाटते. शेवटी दोन मिनिटे स्तब्धता. ती घड्याळ लावून पाळावी, कारण अंदाजाने ती अर्ध्या मिनिटातच संपते.

खरी कसोटी विरोधकाच्या भाषणाची. ‘मतभेद होते, मनभेद नव्हते’ हे वाक्य कुणालाही लागू पडते, म्हणून त्यातून गेलेल्या माणसाचे काहीच कळत नाही. मतभेद कशावर होता ते नाव घेऊन सांगावे, मग स्वतः पाहिलेली एक गोष्ट. उदाहरणार्थ: ‘विडी कामगारांच्या मजुरीवर आमचे कधीच जुळले नाही, पण बोलणी फिसकटली तरी ते निरोप घेतल्याशिवाय उठत नसत.’ जुना हिशेब काढू नये आणि तो माणूस आतून आपल्याच विचारांचा होता असेही सुचवू नये. हा दुसरा दोष अधिक घडतो, आणि त्याने दिवंगताचा अधिक अपमान होतो.

सांगोल्यातून 1962 पासून 11 वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात वारले. त्यांच्या साधेपणाचे कौतुक सर्व पक्षांना सोपे जाते. पण शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) लाल झेंडा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर काढला, हे गाळले तर आदरांजली अपुरी राहते.

अशा सभेने पुढची निवडणूक बिनविरोध होत नाही. पंढरपूरचे आमदार भारत भालके नोव्हेंबर 2020 मध्ये वारले. 2021 च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र भगीरथ यांच्याविरुद्ध भाजपचे समाधान आवताडे लढले आणि जिंकले. त्यामुळे शोकसभेत उमेदवारी, वारस किंवा सहानुभूतीचा विषय काढणाऱ्या वक्त्याला अध्यक्षांनी तिथेच थांबवावे.