लोहाशी स्पर्धा करणारे धातू

लोहाच्या वाटेने पेशीत शिरून तिची वाढ मंदावणारे किंवा थांबवणारे धातू. मँगॅनीज, जस्त, तांबे, कोबाल्ट, कॅडमियम व गॅलियम हे त्यांतले प्रमुख. मँगॅनीज, जस्त, तांबे अल्प प्रमाणात लागतातच. प्रमाण बिघडले की तेच लोहाच्या आड येतात.

विदर्भात याची खूण संत्र्याच्या बागेत दिसते. वरुड, मोर्शी, काटोलकडे लोह कमी पडले की नवतीची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पाने हिरवीच असतात, कारण त्यांतले लोह झाडाला नव्या फुटीकडे फारसे नेता येत नाही. मूळ दोष बहुधा चुनखडीचा: काळ्या जमिनीत लोह असते, पण विरघळत नाही. मग मुळे लोह ओढणारे प्रथिन वाढवतात आणि त्याच प्रथिनातून मँगॅनीज, जस्त, कॅडमियमही आत येते. म्हणून पान पिवळे दिसताच जस्ताचे डोस वाढवत जाणे चूक. जस्त कमी असले तर पाने बारीक, अरुंद होतात. तो फरक आधी पाहावा, पानांचे परीक्षण करावे. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) चुनखडीच्या मातीत टाकून वाया जातो. फवारलेला लागू पडतो. बोर्डो मिश्रणातल्या (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) तांब्याचेही भान हवे. फ्लोरिडाच्या वाळूसारख्या आम्ल जमिनीत साचलेल्या तांब्याने लिंबूवर्गीय झाडांना लोहाची कमतरता आणली होती. काळी माती तांबे धरून ठेवते, त्यामुळे इथे धोका कमी.

पेशीच्या आत स्पर्धा कशी चालते, हे गॅलियमवरून नीट कळते. त्याच्या आयनाची त्रिज्या ०.६२ अँगस्ट्रॉम, लोहाच्या त्रिसंयुजी आयनाची ०.६४५. रक्तातले लोह वाहून नेणारे प्रथिन, ट्रान्सफेरिन, त्याला लोह समजून उचलते आणि पेशीत पोचवते. पण लोह इलेक्ट्रॉन घेते-देते, गॅलियमला शरीरात ते जमत नाही. डीएनएचे घटक बनवणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर लोहावाचून अडते आणि पेशीचे विभाजन थांबते. भराभर वाढणाऱ्या पेशी ट्रान्सफेरिन जास्त ओढतात. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा शोध घ्यायला गॅलियम-६७ वापरले जाई, ते यामुळेच.

भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्ग, चिखला आणि नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री इथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. अंगात लोह कमी असेल तर आतडे अन्नातले मँगॅनीज एरवीपेक्षा जास्त शोषते. त्यामुळे खाणपट्ट्यात धुळीच्या तपासणीबरोबर बायाबापड्यांचे, पोरांचे हिमोग्लोबिनही तपासलेच पाहिजे.